कॉव्हेंट्री ते एडिनबरा, चार्जिंगच्या पॉईंटपायी

केंब्रिजहून कॉव्हेंट्रीला परत येताना मी आणि आमची मंडळी, म्हणजे शालन, गाडीच्या मागच्या सीटवर बसून चार्जिंगचा पॉईंट शोधत होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

शालनच्या मोबाईलची बॅटरी संपत आली होती. केंब्रिजला भर गावात, नदीकाठच्या कुरणात गाई चरतात. तिनं त्यांचे फोटो काढले होते. लोक तिथं कॉलेजं बघायला जातात, हिनं गाई बघितल्या. ते फोटो तिला तिच्या बहिणीला, मालनला, लगेच पाठवायचे होते.

"मालन पहिलं काय विचारंल सांगू?" ती म्हणाली. "दूध किती देतात."

सीटच्या फटीत तिचा हात, माझा हात. एक मनुका सापडली, नातीचा मोजा सापडला, रंगाचा खडू सापडला. पुढच्या दोन सीटच्या मधल्या खोक्याला मागच्या बाजूनं एक पॉईंट होता, पण तो बारका, लंबगोल. तिच्या वायरीचं तोंड रुंद. बसेना. पुढून गाडी चालवता चालवता महेश, म्हणजे आमचा मुलगा, म्हणाला, "आई, मागं अजून एक आहे कुठंतरी. आम्ही कधी वापरलाच नाही."

"एवढी थोरली गाडी, अन् एक भोक सापडंना," असं म्हणून ती हसली. मग म्हणाली, "राहू द्या. घरी गेल्यावर लावते." आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

घरासमोर गाडी थांबली तरी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच, वाटेतच कुठंतरी.

आमच्या तासगावच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अंकाला प्रवासवर्णन द्या म्हणून सेक्रेटरी मागं लागलेत. इंग्लंड कसं आहे ते लिहा म्हणतात. मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर पिठाची गिरणी चालवली. मला रागाशिवाय काही लिहिता येईल असं वाटत नाही. चालत असेल तर छापा.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माणूस जिथं गेलं तिथं दिवा लावायचा आणि दहावा होईपर्यंत विझू द्यायचा नाही. महेश म्हणाला, "अण्णा, हॉलमध्ये कोपऱ्यात लावू."

"ती हॉलमध्ये गेली का?"

ती गाडीत गेली. डाव्या खिडकीजवळच्या सीटवर. दिवा तिथंच लागणार.

तेलाचा दिवा गाडीत लावायचा नाही, पेट्रोल आहे, एवढं मलाही कळतं. मग अश्विनीनं, आमच्या सुनेनं, दोन दिवे मागवले. तळहाताएवढे, वर प्लॅस्टिकची पिवळी ज्योत, आणि बुडाला यूएसबीची वायर (मोबाईल चार्ज करतो तीच, पण हिची वीतभर). एक दिवा गाडीत जळायचा, दुसरा ती स्वयंपाकघरात चार्ज करायची, आणि सकाळ-संध्याकाळ अदलाबदल करायची. आधी नवा पेटवायची, मग जुना उचलायची. पोरीनं एकदासुद्धा तिथं अंधार होऊ दिला नाही. महेश बसनं कामावर जायला लागला. गाडी दारातच.

शेजारचा गोरा म्हातारा पहिल्या दिवशी संध्याकाळी दार वाजवायला आला. "तुमच्या गाडीत लाईट राहिलाय, बॅटरी उतरेल." अश्विनीनं त्याला समजावलं. दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या कुत्र्याला घेऊन गाडीजवळून जाताना टोपी काढायचा. ह्या देशात मला पटलेला पहिला माणूस.

बाकी देशाबद्दल काय सांगू! इथं जाळायलाही तारीख घ्यावी लागते. माणूस मेलं तर थांबा म्हणतात, सॉरी म्हणतात, आणि फॉर्म देतात. दहन झाल्यावर आम्ही तिथून दहावा धरला, पण दिवा मात्र ती गेली त्या दिवसापासूनच. दहावा करायचा एडिनबराला, कारण आमची लेक रूपाली तिथं दवाखान्यात कामाला आहे आणि तिला आठवा महिना लागलेला. तिच्या बाळंतपणासाठीच तर आम्ही दोघं आलो होतो. तिला गाडीत बसून एवढं लांब यायची बंदी. मग आम्हीच निघालो, तिच्या आईला घेऊन. अस्थींचा तांब्या माझ्या दोन पायांच्या मध्ये.

सकाळी निघालो. महेश गाडी चालवायला, त्याच्या शेजारी अश्विनी. मागं डावीकडं दिवा, मध्ये मी, उजवीकडं नात इरा. केंब्रिजहून येताना बसलो होतो तसेच. अश्विनीनं दिव्याला सीटचा पट्टा लावला होता, वर रुमाल बांधून. पावसाची भुरभुर चालू होती. इथला पाऊस धड पडतही नाही, धड थांबतही नाही.

एम-सिक्स (हा इथला मोठा रस्ता, उत्तरेला जाणारा) लागला. दोन्ही बाजूंनी ट्रक. मग हिरवं, नुसतं हिरवं, मेंढ्या आणि दगडी बांध. लोक पैसे खर्चून हे बघायला येतात. मी दिव्याकडं बघत होतो. मँचेस्टर मागं पडलं आणि ज्योत लुकलुकली. मग बारीक झाली.

"अश्विनी, दुसरा दिवा काढ."

तिनं पिशवीत हात घातला. मग दुसऱ्या पिशवीत. मग तिचा हात तसाच थांबला.

"अण्णा, तो किचनमध्येच राहिला. चार्जरला."

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. अंकात बायकाही वाचतात. महेश म्हणाला, "अण्णा, तिनं पहाटे उठून दशम्या केल्या, सगळं भरलं, एक गोष्ट राहिली तर—"

"दशम्या कोण मागत होतं?"

इरा टॅबलेटवर काहीतरी बघत होती. तिची वायर त्या लंबगोल पॉईंटात. "आजोबा, माझं काढू?" तिनं विचारलं. शहाणी पोर आहे, पण काढून उपयोग काय! दिव्याच्या वायरीचं तोंडही रुंद. त्यात बसत नव्हतं. शालनची बसली नाही तशीच ही बसली नाही.

"पुढं रुंद आहे," महेश म्हणाला. "मी माझा फोन काढतो. दिवा इकडं द्या."

"दिवा तिकडं कसा देऊ? ती तिकडं बसली होती का?"

"अण्णा, अर्धा तासच—"

"जागा हलवायची नाही. मागं एक आहे म्हणाला होतास ना? कुठं आहे? तुझी गाडी आहे, तुला ठाऊक नाही?"

"मॅन्युअल बघायला लागेल."

"तुझ्या आईनं विचारलं तेव्हा का नाही बघितलंस?"

महेशनं वायपर जोरात केले. अश्विनी मान वळवून म्हणाली, "अण्णा, ऐका ना, हा दिवा चार्जिंगला लावला की—"

"तू बोलू नको."

महेशनं सर्व्हिसेसला गाडी घेतली (रस्त्याकडेचा थांबा; खायचं, मुतायचं, तेल भरायचं एकाच जागी). मी वायर हातात घेऊन दुकानात शिरलो. मला इंग्रजी येत नाही, पण वायर दाखवायला इंग्रजी कशाला लागतं? काउंटरवर केसांना निळा रंग लावलेली जाड बाई होती. मी वायरीचं रुंद तोंड दाखवलं, मग बोटांनी बारकं तोंड करून दाखवलं.

"अडॅप्टर, लव्ह?" ती म्हणाली. (इथल्या बाया कुणालाही लव्ह म्हणतात. आपण बाळा म्हणतो तसं. मी सत्तरी ओलांडलेला आहे.)

"येस."

तिनं सगळी भिंत धुंडाळली. होतं ते नेमकं उलटं, रुंद भोकात बारकी वायर घालायचं. "सॉरी, लव्ह," म्हणाली आणि खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. मोबाईलची कव्हरं, उशा, चॉकलेटच्या पेट्या, मेंढीचं चित्र असलेले कप, सगळं होतं तिथं. एक बोटाएवढी वस्तू नव्हती.

परत आलो तर महेश पुस्तक उघडून बसला होता. गाडीचं पुस्तक. शिकलेला माणूस, कंपनीत माणसं हाताखाली, आणि गाडीत कुठं काय आहे ते पुस्तकात बघतो. "इथं लिहिलंय, मॉडेलप्रमाणे बदलू शकतं," तो म्हणाला.

"तिच्यायला तुझ्या मॉडेलच्या!"

मी मागं शिरलो. दिवा इतका बारीक झालेला की दिवसाच्या उजेडात दिसेना, हाताची ओंजळ धरून बघावं लागत होतं. फटीत हात घातला, सीटखाली घातला, दाराच्या कप्प्यात घातला. मग समोर बघितलं. अश्विनीच्या सीटच्या पाठीला एक कापडी पिशवी टांगलेली असते, कप्प्याकप्प्यांची. इराचे खडू, ओले रुमाल, बिस्किटं, पाण्याची बाटली. ती मी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. पट्टे तुटले. खडू सगळीकडं उडाले.

पॉईंट तिथं होता. सीटच्या पाठीच्या कडेला, वर बारकी विजेची खूण काढलेला. रुंद तोंडाचा. शालनच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर. ती त्याच्याकडं तोंड करून बसली होती. त्याच्यासमोरच गेली.

"बघ," मी महेशला म्हणालो. "बघ इकडं. तुझी आई ह्याच्यासमोर बसून शोधत होती. पिशवीमागं. बिस्किटांच्या मागं!"

महेश बघत राहिला. त्याचं तोंड लहानपणी व्हायचं तसं झालं. मला त्याची कीव आली नाही. तेव्हा नाही आली.

मी वायर घातली. खटकन बसली. आणि दिवा विझला.

विझला म्हणजे पार विझला. पिवळी ज्योत काळी. बुडाला मोहरीएवढा लाल ठिपका तेवढा.

"हे काय? हे काय झालं?"

"तेच सांगत होते मी," अश्विनी म्हणाली. ती गाडीबाहेर पावसात उभी होती, दार धरून. "चार्जिंगला असताना तो लागत नाही. मघाशीच सांगायला गेले. तुम्ही बोलू दिलं का?"

मी वायर उपटायला हात घातला. तिनं माझं मनगट धरलं. आजवर तिनं मला हात लावला असेल तर वाकून पायाला. तिनं मनगट धरलं आणि सोडेना.

"ओढू नका, अण्णा. काढलात तर पाच मिनिटं जळेल आणि कायमचा जाईल. जेवतोय तो. जेवत्याला ताटावरून उठवू नये, हे आईंनीच शिकवलंय मला. ह्याच गाडीत शिकवलंय. मी इराला घास अर्धा टाकून चल म्हणाले तर मला रागवल्या होत्या."

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे लाल होते, पण रडून नव्हे. ती माझ्याएवढीच चिडलेली होती. माझ्यावर, दिव्यावर, त्या किचनमधल्या चार्जरवर. रोज सकाळ-संध्याकाळ दिवा कुणी बदलला? मी तर नुसता बघत होतो.

शालनचं ते खरंच होतं. ती कुणाला जेवता जेवता हाक मारू द्यायची नाही. गिरणीत गिऱ्हाईक ओरडत असलं तरी मला म्हणायची, "बसा. पीठ कुठं पळून जात नाही."

मी हात काढला.

तिथून पुढं मी लाल ठिपक्याकडं बघत बसलो. इरानं खाली वाकून खडू गोळा केले आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. डोंगर आले, उंच, बोडके, माथ्यावर ढग. त्याला लेक डिस्ट्रिक्ट म्हणतात (तळ्यांचा मुलूख). तळं मला एकही दिसलं नाही. अश्विनीनं दशमी पुढं केली. घेतली. शेंगदाण्याच्या चटणीत मीठ कमी होतं, आणि ते मी सांगितलं.

"सुतक आहे, अण्णा," महेश म्हणाला.

"मीठ बंद असतं का सुतकात?"

"विसरले असेन," अश्विनी म्हणाली. "आज काय काय विसरते मी." इरा खुदकन हसली आणि मग आपण हसलो म्हणून घाबरली. कोणी तिला रागावलं नाही.

स्कॉटलंडची हद्द म्हणजे रस्त्याकडेला एक निळी पाटी. ती गेल्यावर थोड्या वेळानं ठिपका हिरवा झाला. अश्विनीनं पुढूनच सांगितलं, "आता काढा. झालं त्याचं जेवण." मी वायर काढली आणि बटण दाबलं. ज्योत लागली. मला बरं वाटलं असं कुणी समजू नका. मधले ते दोन तास अंधारच होता, आणि तो कुणाला भरून देता येत नाही.

एडिनबरा काळ्या दगडाचं गाव. उंचावर किल्ला. आपल्याकडचे बघितलेल्या माणसाला त्याचं काय! रूपाली घरात थांबली नाही, पोट सावरत रस्त्यावरच उभी होती. गाडी थांबल्यावर तिनं डावं दार उघडलं. तिला वाकता येईना. तिनं नुसता हात आत घातला आणि सीटवर फिरवला, आपण ताप बघायला कपाळावर फिरवतो तसा.

"इथं होय, अण्णा?"

"इथंच."

समुद्रावर दुपारी गेलो. वारा असा की धोतर सावरू का तांब्या, कळेना. अस्थी सोडल्या. कावळ्यासाठी भात ठेवला तर कावळा यायच्या आत पांढरा समुद्रपक्षी झेप घालून सगळा पिंड घेऊन गेला. "सी-गल," इरा म्हणाली. तो आगाऊ होता, हावरट होता, पण थांबून बसला नाही. इथं पहिल्यांदाच कुणी तारीख दिली नाही.

संध्याकाळी परत गाडीपाशी आलो. आमच्या गावाकडं दहाव्याला दिव्याभोवती पीठ पसरतात, वर पाटी झाकतात आणि सकाळी बघतात काय उमटलंय. पाखराचा पाय, मुंगीची वाट. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यात दिसतं म्हणतात. मी जन्मभर गावाला पीठ दळून दिलं, त्यात अशा कामाचंही असायचं. माझा विश्वास आहे का? ते विचारू नका. रूपालीच्या डब्यातलं पीठ घेतलं. बाजारचं, मऊ, जीव नसलेलं. शालनच्या पाय ठेवायच्या जागी पसरलं, मध्ये दिवा ठेवला, वर रूपालीची वेताची टोपली झाकली. महेश बाजूला उभा होता. म्हणाला, "अण्णा, मी पुस्तक आधी बघायला पाहिजे होतं."

"होय," मी म्हणालो. पाहिजे होतं तर होय म्हणायचं. पण मग त्याच्या खांद्याला धरूनच घरात गेलो. जिने फार आहेत तिथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच खाली उतरलो. दार उघडलं, टोपली काढली. दिवा जळत होता. पिठात एक वळणावळणाची रेघ उमटलेली. आमच्याकडं असतं तर कुणीतरी हात जोडून साप सांगितला असता. ती दिव्याच्याच वायरीची रेघ होती, टोपली झाकताना माझ्याच हातून ओढली गेलेली. बाकी पीठ स्वच्छ. काहीही नाही.

मी खूप वेळ बघितलं. मग दिवा बंद केला. दहावा झाला होता, बंद करायचाच होता. पीठ हातानं गोळा केलं, कोट झाडला. पॉईंट समोर रिकामा.

शालनचा मोबाईल माझ्या आतल्या खिशात होता, त्या दिवसापासून मेलेला. महेशनं घरी चार्ज करतो म्हटलं तर दिला नव्हता. आता काढला आणि लावला. काहीच होईना. मी दाराला लाथ मारली. मग वर जाऊन महेशला उठवलं. झोपेतल्या कपड्यांत तो खाली आला, किल्ली फिरवली, म्हणाला, "गाडी चालू असल्याशिवाय येत नाही, अण्णा." हेही त्याला आज ठाऊक!

आम्ही दोघं बसून राहिलो. तो पुढं, मी मागं, तिच्या जागेवर. मोबाईल उजळला. तिला कुलूप-बिलूप ठेवायची सवय नव्हती. गाई सापडल्या. सात-आठ फोटो, एकात माझा कान. एक बरा बघून मालनच्या नावावर पाठवला.

पुढचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. क्षणात फोन वाजला. कानाला लावला तर मालन किंचाळत होती, "शाले? शाले, तू आहेस?"

महेश मागं वळला.

"मी आहे, मालन," मी म्हणालो. "तिनं तुला पाठवायला काढलेल्या गाई. चार्जिंग आत्ता मिळालं."

पलीकडं ती रडायला लागली. महेशनं गाडी बंद केली नाही. बऱ्याच वेळानं मालननं नाक ओढलं.

"लई गुबगुबीत हायेत हो, दाजी," ती म्हणाली. "दूध किती देतात?"

मला काय ठाऊक! मी जन्मात कुणाला फुगवून सांगितलेलं नाही, पायलीला पायलीच म्हटलं.

"लई," मी म्हणालो. "लई देतात."